कच्चा निबंध कुठे वाचायचा? : तरुण भाषाभ्यासकांच्या परिषदांचा आढावा

वालचंदनगरच्या आसपास ऊसतोडणीचा हंगाम लागला की ‘कोयता’ या शब्दाचा अर्थ बदलतो. एरवी ते हत्यार असते. फडात मात्र एक कोयता म्हणजे तोडणी करणारी नवरा-बायकोची एक जोडी. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम ‘उचल’ होते, उसाचा हिरवा शेंडा ‘वाढं’ होतो. बीड-नगरकडून आलेल्या टोळ्या आणि इंदापूर-बारामतीचे बागायतदार हे शब्द सारखेच वापरतात. पण चार वाक्ये बोलून झाली की कोण कुठला ते ऐकणाऱ्याला उमगते. या फडांच्या शेजारीच कारखान्याच्या वसाहतीची भाषा नांदते. वालचंद हिराचंद यांनी १९३०च्या दशकात कळंबच्या माळावर साखर कारखाना उभा केला, पुढे अवजड यंत्रे बनवणारा कारखाना आला, आणि त्यांच्याबरोबर ठिकठिकाणचे कामगार, फोरमन, इंजिनिअर आपापली बोली घेऊन इथे राहायला आले.

समजा, कळंबच्या किंवा बारामतीच्या महाविद्यालयात मराठीत एम.ए. झालेल्या एखाद्या मुलीने दोन हंगाम फडावर जाऊन या बोलण्याची ध्वनिमुद्रणे केली, वह्या भरल्या, आणि आपल्या हाती काहीतरी लागले आहे असे तिला वाटू लागले. ते अजून पक्के नाही. तपासून पाहणारा जाणता माणूस हवा, अडचणीचे प्रश्न विचारणारे सोबती हवेत. हा कच्चा निबंध तिने कुठे वाचायचा? कोणत्या भाषेत वाचायचा? आणि वाचून तिच्या पदरात काय पडेल? भाषाविज्ञानातल्या नव्या संशोधकांसाठी भरणाऱ्या परिषदांविषयी जी चर्चा आज चालते, ती या तीन प्रश्नांभोवती फिरते. तिची पूर्वपीठिका, तिच्यातली प्रमुख मते आणि अजून न सुटलेल्या गाठी यांचा हा आढावा आहे.

पूर्वपीठिका: व्याख्यानापासून वर्गापर्यंत

भाषेचा अभ्यास चारचौघांत मांडायची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८७७मध्ये मुंबईत विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्याने दिली. बोलणारा एक आणि ऐकणारे अनेक, अशी ती रचना होती. १९१०मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले आणि सभासदांनी आपापली टिपणे मराठीत वाचायची प्रथा रुजली. इतिहासाच्या कागदपत्रांबरोबर जुन्या मराठीचा विचारही तिथे होत असे.

अखिल भारतीय पातळीवर पाहिले तर १९१९मध्ये पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत पहिली प्राच्यविद्या परिषद भरली. १९२८मध्ये लाहोरला तिचे पाचवे अधिवेशन झाले आणि त्याच वेळी ‘लिंग्विस्टिक सोसायटी ऑफ इंडिया’ जन्माला आली. ‘इंडियन लिंग्विस्टिक्स’ हे तिचे नियतकालिक १९३१पासून निघू लागले. सोसायटीचे बिऱ्हाड आधी कलकत्त्याला आणि १९५०च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले.

नवशिक्यांचा स्वतंत्र विचार पहिल्यांदा ठळकपणे झाला तो याच डेक्कन कॉलेजात. संचालक सुमित्र मंगेश कत्रे यांच्या पुढाकाराने आणि रॉकफेलर फाउंडेशनच्या साहाय्याने १९५४पासून भाषाविज्ञानाच्या हंगामी शाळा भरू लागल्या. पुढे त्या देशात इतरत्रही भरल्या. वेगवेगळ्या विद्यापीठांतले तरुण अध्यापक आणि विद्यार्थी काही आठवडे एकत्र राहत, वर्णनात्मक भाषाविज्ञानाच्या नव्या पद्धती शिकत आणि बोलणारा माणूस समोर बसवून त्याच्या भाषेचे विश्लेषण करत. भारतीय आणि अमेरिकी अभ्यासक एकाच वर्गात शिकवत. भारतातल्या अनेक भाषाविज्ञान विभागांची पहिली पिढी या शाळांतून घडली. आजच्या चर्चेत ज्याला ‘मार्गदर्शनाचा अभाव’ म्हणतात, त्याचे एक उत्तर त्या काळी असे शोधले गेले होते: परिषदेच्या आधी वर्ग, आणि व्यासपीठाच्या आधी सहवास.

परिषदेतून जगापुढे गेलेली मराठी

एखादी परिषद एखाद्या गावाचे बोलणे कुठवर नेऊ शकते, याचे उदाहरण सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडचे आहे. १९६८मध्ये जमैकातल्या मोना इथे मिश्रभाषांवर एक परिषद झाली. तिच्यातून डेल हाइम्स यांनी संपादित केलेला ग्रंथ १९७१मध्ये निघाला. त्यात जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांचा कुपवाडवरचा लेख आहे. मराठी, कन्नड आणि उर्दू पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदल्यामुळे त्यांची वाक्यरचना एकमेकींच्या इतकी जवळ आली, की शब्द बदलले की भाषा बदलते आणि ठेवण बरीचशी तीच राहते, असे त्यांनी दाखवले. त्याच ग्रंथात फ्रँकलिन साउथवर्थ यांनी मराठीच्या उगमाकडे भाषासंपर्काच्या अंगाने पाहिले. आज जगभर भाषासंपर्क शिकवताना कुपवाडचे नाव घेतले जाते.

या गोष्टीला पुढचा भागही आहे. डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी त्याच गावाचा पुन्हा अभ्यास केला आणि २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात जुन्या निष्कर्षांची चिकित्सा केली. पहिला निष्कर्ष परदेशातल्या परिषदेत मांडला गेला आणि त्याची फेरतपासणी पुण्यातून झाली. नव्या अभ्यासकाला यातून दोन बोध घेता येतात. आडगावची सामग्री जागतिक प्रश्नाला हात घालू शकते, हा पहिला. आणि एकदा मांडलेले कायमचे मांडून झाले असे होत नाही, हा दुसरा.

वालचंदनगरला याहून जवळचे उदाहरण नीरेपलीकडच्या फलटणचे. मॅक्सिन बर्नसन यांनी फलटणच्या बोलण्यातल्या भेदांवर प्रबंध लिहून १९७३मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. जात, शिक्षण आणि बोलणे यांचा संबंध त्यांनी तपासला. प्रबंध झाल्यावर त्या फलटणमध्येच राहिल्या आणि मुलांना वाचायला-लिहायला शिकवण्याच्या कामाला लागल्या. प्रगत शिक्षण संस्था त्यातूनच उभी राहिली. भाषेच्या अभ्यासाने ज्यांचे बोलणे घेतले त्यांना काय द्यावे, या प्रश्नाची चर्चा करताना हे उदाहरण टाळून पुढे जाता येत नाही.

आज उपलब्ध असलेल्या वाटा

कळंबच्या त्या मुलीपुढे आज साधारणपणे चार वाटा आहेत.

पहिली वाट महाविद्यालयातल्या चर्चासत्राची. राज्यात भाषाविज्ञानाचे स्वतंत्र विभाग डेक्कन कॉलेज, मुंबई विद्यापीठ, नागपूर विद्यापीठ अशा मोजक्या ठिकाणी आहेत. बहुतेक मराठी मुलांना भाषाविज्ञान भेटते ते मराठीच्या एम.ए.मधल्या एका विषयाच्या रूपाने. म्हणून त्यांची पहिली परिषद बहुधा तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या महाविद्यालयातले ‘एकदिवसीय’ किंवा ‘द्विदिवसीय’ चर्चासत्र असते. उद्घाटन, बीजभाषण, दोन-तीन सत्रांत निबंधवाचन, समारोप आणि प्रमाणपत्र, असा त्याचा क्रम ठरलेला. विषय बहुतेक वेळा साहित्याचा. बोलीचा विषय निघालाच तर तो ‘ग्रामीण साहित्यातील बोली’ अशा वळणाने येतो.

दुसरी वाट अखिल भारतीय परिषदांची. लिंग्विस्टिक सोसायटी ऑफ इंडियाच्या परिषदा, द्रविड भाषाविज्ञानाच्या परिषदा आणि दक्षिण आशियाई भाषांवरच्या देशी-परदेशी बैठका यांत ती मोडते. इथे आधी एक-दोन पानांचा सारांश पाठवावा लागतो. अनेक ठिकाणी लेखकाचे नाव झाकून तो तपासला जातो. मग वीसेक मिनिटांचे वाचन आणि त्यानंतर प्रश्न.

तिसरी वाट खास विद्यार्थ्यांसाठीच्या परिषदांची. अमेरिकेतली शिकागो लिंग्विस्टिक सोसायटी विद्यार्थीच चालवतात आणि १९६५पासून तिच्या वार्षिक बैठका भरत आल्या आहेत. युरोपात ‘कॉन्सोल’ ही विद्यार्थ्यांची परिषद १९९०च्या दशकापासून विद्यापीठा-विद्यापीठांतून फिरते. भारतात ‘स्कॉनली’ या नावाने ओळखली जाणारी विद्यार्थी परिषदही अशीच वेगवेगळ्या विद्यापीठांत भरते. सारांश मागवण्यापासून पाहुण्यांच्या राहण्याची सोय लावण्यापर्यंत बहुतेक काम विद्यार्थी करतात, आणि परिषद भरवायचे शिक्षणही त्यांना त्यातूनच मिळते.

चौथी वाट संगणकीय भाषाविज्ञानाची. या क्षेत्राची रीत वेगळी आहे. इतर भाषावैज्ञानिक परिषदेत निबंध वाचतात आणि मग नियतकालिकात लेख लिहितात. संगणकाच्या जगात परिषदेतला निबंध हाच अंतिम प्रकाशित लेख मानला जातो. मोठ्या परिषदांना जोडून विद्यार्थ्यांची वेगळी सत्रे भरतात आणि त्यांत नवख्यांना अनुभवी वाचक नेमून दिला जातो. पुण्यातल्या ‘एलथ्रीक्यूब’सारख्या गटातून अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी मराठीसाठी भाषासंग्रह आणि प्रतिमाने तयार करून ती अशा व्यासपीठांवर मांडली आहेत. मराठी विभागातली मुले आणि ही मुले एकाच भाषेवर काम करतात. त्यांची गाठ मात्र क्वचित पडते.

पहिला मतभेद: वेगळी पंगत की एकच

नव्यांसाठी स्वतंत्र परिषद असावी, असे म्हणणाऱ्यांचा भर धीर चेपण्यावर आहे. ज्येष्ठ समोर बसले की नवखा बचावाच्या पवित्र्यात जातो. बरोबरीच्यांत तो ‘इथे माझे अडले आहे’ असे मोकळेपणाने सांगू शकतो. चुकायची मुभा असलेली जागा आयुष्यात एकदा तरी मिळावी, असे हे मत आहे.

दुसरी बाजू म्हणते की नवख्यांना नवख्यांतच बसवले तर चूक दाखवणार कोण? एखाद्या प्रत्ययाचे विश्लेषण पन्नास वर्षांपूर्वीच होऊन गेले आहे, हे ज्याला ठाऊक आहे तोच माणूस सभागृहात नसेल, तर निबंधाला टाळ्या मिळतात आणि संशोधन तिथेच राहते. शिवाय पुढे नोकरी, शिष्यवृत्ती, परीक्षक यांच्या संदर्भात ज्यांच्याशी ओळख व्हायला हवी ते ज्येष्ठच असतात.

यातून निघालेला मधला मार्ग म्हणजे मोठ्या परिषदेच्या आधी एक दिवस नव्यांसाठी राखायचा, निबंध आधीच वाटायचे आणि प्रत्येक निबंधावर बोलायला एक ज्येष्ठ नेमायचा. डेक्कन कॉलेजच्या जुन्या शाळांशी याचे नाते जवळचे आहे. खर्च आणि ज्येष्ठांचा वेळ, या दोन गोष्टींची त्याला सतत चणचण भासते.

दुसरा मतभेद: इंग्रजीत की मराठीत

इंग्रजीच्या बाजूने दिली जाणारी कारणे व्यवहाराची आहेत. मराठीतल्या ‘ने’ प्रत्ययाची तुलना पंजाबीशी किंवा बास्क भाषेशी करायची, तर त्या भाषांचे अभ्यासक ऐकायला हवेत. निबंध तपासणारेही तेव्हाच मिळतात. ही वाट बंद झाली तर मराठीवरचे काम मराठीतच अडकून पडेल, अशी भीती हे अभ्यासक बोलून दाखवतात. अशोक केळकर यांचा मराठीच्या ध्वनिव्यवस्थेवरचा आणि रूपव्यवस्थेवरचा १९५८चा प्रबंध कॉर्नेल विद्यापीठात इंग्रजीत झाला आणि म्हणून जगाला वाचता आला, याकडे ते लक्ष वेधतात.

मराठीचा आग्रह धरणारेही केळकरांकडेच बोट दाखवतात. त्यांनी मराठीतही विपुल लिहिले. ‘रुजुवात’ या त्यांच्या मराठी ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मराठी अभ्यास परिषद १९८२मध्ये स्थापन झाली आणि ‘भाषा आणि जीवन’ हे तिचे नियतकालिक भाषेविषयी मराठीत लिहिण्याची जागा राखून आहे. या मतानुसार, जो मुलगा मराठीत विचार करतो त्याला सारांशाच्या पहिल्याच ओळीला अडवले, तर गळतात ती नेमकी ज्यांच्या घरी बोली जिवंत आहे तीच मुले. शिवाय ज्यांचे बोलणे तपासले त्यांना निबंध समजायला हवा, हीही अपेक्षा त्यामागे आहे.

मराठीत लिहिताना परिभाषेची अडचण खरी आहे. ‘मॉर्फीम’साठी कुणी रूपिम लिहितो, कुणी पदिम, कुणी रूपिका. भाषा संचालनालयाने परिभाषाकोश केले, पण वर्गात, पाठ्यपुस्तकात आणि परिषदेत एकच संज्ञा रुळलेली नाही. संज्ञा कोशात ठरतात आणि वापरात रुळतात. त्या रुळायच्या तर परिषदांत मराठीतून बोलले गेले पाहिजे, आणि परिषदांत बोलायचे तर संज्ञा हव्यात. हा पेच अजून सुटलेला नाही. निबंध मराठीत आणि सविस्तर सारांश इंग्रजीत, किंवा वाचन कोणत्याही भाषेत आणि उदाहरणे शब्दशः अर्थासह, असे तोडगे सुचवले जातात.

तिसरा मतभेद: गुण, प्रमाणपत्र आणि ज्ञान

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० आणि पुढच्या नियमांनी अध्यापकांच्या बढतीत परिषदेतल्या निबंधवाचनाला गुण दिले. २०१८च्या नियमावलीत परदेशातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेला ७, देशातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेला ५, राष्ट्रीय परिषदेला ३ आणि राज्य वा विद्यापीठ पातळीवरच्या परिषदेला २ गुण होते. २०१६च्या नियमांनुसार पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी दोन परिषदांत निबंध वाचणे आणि एक लेख प्रसिद्ध करणे आवश्यक होते. २०२२च्या नियमांत ही सक्ती राहिली नाही.

सक्तीचे समर्थन करणारे म्हणतात की तिच्यामुळे आडगावातला संशोधकही व्यासपीठावर उभा राहिला, महाविद्यालयांना रजा आणि अनुदान देणे भाग पडले, आणि ‘पेपर वाचणे’ ही गोष्ट शहरी विद्यापीठांची मक्तेदारी राहिली नाही. विरोधकांच्या मते गुणांच्या ओढीने चर्चासत्रे वाढली, एका सत्रात इतके निबंध आले की प्रत्येकाच्या वाट्याला पाच-सात मिनिटे उरली, आणि प्रश्नोत्तरे वेळेअभावी गळू लागली. एकाच व्यवस्थेची ही दोन टोके आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे. सक्ती गेल्यावर चर्चासत्रांची संख्या घटेल की दर्जा वाढेल, की दोन्ही होईल, हे ठरायला अजून काही वर्षे जावी लागतील.

चौथा मतभेद: जाण्यायेण्याचा खर्च आणि पडद्यावरची परिषद

वालचंदनगरहून पुण्याला जाऊन यायचे म्हटले तरी दिवस मोडतो. गुवाहाटी किंवा हैदराबादच्या परिषदेला आठवडा जातो. ज्याला कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळते त्याला २०२३पासून दरमहा ३७,००० रुपये आहेत. बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या शिष्यवृत्त्यांनीही अनेकांना आधार दिला. तासिका तत्त्वावर शिकवत पीएच.डी. करणाऱ्याला मात्र परिषदेचा प्रत्येक दिवस बुडालेल्या तासांच्या मानधनाचा असतो. नोंदणी शुल्क, गाडीभाडे आणि मुक्काम यांची बेरीज त्यावर येते.

२०२०च्या साथीत परिषदा पडद्यावर आल्या आणि घरबसल्या निबंध वाचता येऊ लागला. लांबच्या, लहान मुलांच्या आया असलेल्या, अपंग असलेल्या संशोधकांसाठी ते दार मोठे ठरले, असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार परिषदेतले खरे शिक्षण चहाच्या वेळेत होते: ‘तुझा मुद्दा कळला नाही, जरा पुन्हा सांग’ असे कुणीतरी बाजूला घेऊन म्हणते, तिथे निबंध सुधारतो. पडद्यावर ती मधली जागा उरत नाही. दोन्ही पद्धती एकत्र चालवायच्या तर साध्या महाविद्यालयाला चांगला ध्वनी आणि खात्रीचे इंटरनेट लागते. ध्वनीचाच अभ्यास असलेल्या विषयात तुटक आवाज ही किरकोळ अडचण ठरत नाही.

न सुटलेल्या गाठी

पहिली गाठ सामग्रीच्या जतनाची. परिषदेत वाचलेल्या निबंधामागची ध्वनिमुद्रणे बहुधा संशोधकाच्या मोबाइलमध्ये राहतात आणि मोबाइलबरोबर जातात. अमृत माधव घाटगे यांच्या बोली-पाहणीची पुस्तके १९६०च्या दशकापासून निघाली म्हणून त्या बोली आज पाहता येतात. अलीकडे डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण करून सामग्री सर्वांना खुली केली. एकट्या विद्यार्थ्याने जमवलेली सामग्री अशा संग्रहाला कशी जोडायची, तिचे श्रेय कोणाचे आणि तिचा दर्जा कोण तपासणार, हे ठरायचे आहे.

दुसरी गाठ बोलणाऱ्यांच्या मानाची. बोलीचा अभ्यास महाराष्ट्रात जातीच्या उल्लेखावाचून होत नाही, आणि तो उल्लेख कसा करावा याचे एकमत नाही. तोडणी कामगाराचे बोलणे सभागृहात वाजवून दाखवायचे तर त्याची संमती कशी घ्यायची, त्याचे नाव घ्यायचे की झाकायचे? श्रोते हसले तर अध्यक्षांनी काय करायचे? फलटणच्या उदाहरणात अभ्यासकाने तिथेच आयुष्याची अनेक वर्षे घालवली. प्रत्येकाकडून तेवढी अपेक्षा करता येत नाही. मग किमान अपेक्षा कोणती, हे लिहून ठेवलेले नाही.

तिसरी गाठ मधल्या पायरीची. महाविद्यालयाचे चर्चासत्र आणि अखिल भारतीय परिषद यांच्यामध्ये मोठी दरी आहे. पहिल्या ठिकाणी निबंध सहसा नाकारला जात नाही, दुसऱ्या ठिकाणी तो सहसा पोहोचतच नाही. नाकारताना कारण सांगणारी, दुरुस्त करून पुन्हा मागवणारी, मराठीत चालणारी प्रादेशिक परिषद ही त्या दरीवरची पायरी होऊ शकते, यावर वेगवेगळ्या मतांची माणसे सहमत होताना दिसतात. ती कोणी भरवायची, यावर मात्र सहमती नाही. मराठीला ऑक्टोबर २०२४मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. या दोन्हींकडे त्या आशेने पाहिले जाते.

आढाव्याअखेर

१८३५च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी वालचंदनगरच्याच इंदापूर तालुक्यात शेतजमिनीची मोजणी आणि प्रतवारी नव्या पद्धतीने केली, आणि त्या कामातून मुंबई इलाख्याची रयतवारी पाहणी उभी राहिली. म्हणजे एका तालुक्यात नीट तपासून पाहिलेली गोष्ट पुढे साऱ्या मुलखाला लागू पडली. कुपवाडचे तेच झाले आणि फलटणचेही काही अंशी तेच.

या आढाव्यात आलेली मते अनेक बाबतींत एकमेकांना छेद देतात. एका गोष्टीवर मात्र सगळी येऊन टेकतात: निबंध कच्चा असतानाच त्याला लक्ष देऊन ऐकणारा भेटला पाहिजे. वेगळी परिषद मागणाऱ्यांना तो धीर देणारा हवा, एकत्र परिषद मागणाऱ्यांना जाणता हवा, मराठीचा आग्रह धरणाऱ्यांना आपल्या भाषेतला हवा आणि इंग्रजीचा आग्रह धरणाऱ्यांना दूरचा हवा. फडावरची ध्वनिमुद्रणे घेऊन निघालेल्या त्या मुलीला हे चारही लागतील, बहुधा याच क्रमाने. तिला पहिला श्रोता मिळण्यासाठी मोठे सभागृह लागणार नाही. कळंबच्या महाविद्यालयातला एक वर्ग, दोन जाणती माणसे, आधी वाचून आलेले दहा सोबती आणि प्रत्येक निबंधाला एक अख्खा तास, एवढ्यावर ते भागू शकते. त्या वर्गात तोडणीच्या टोळीतली दोन माणसे बसली आणि ‘आम्ही असं म्हणत नाही, असं म्हणतो’ एवढे बोलली, तरी निबंध तिथूनच पक्का होऊ लागेल.